डेन बॉस: दलदलीतला किल्ला पायी कसा पाहावा

नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आलेली मराठी मंडळी पहिल्या वर्षात ॲम्स्टरडॅमचे कालवे, ट्यूलिपची शेतं आणि पवनचक्क्या पाहून घेतात. मग सुट्टीच्या दिवशी गड चढायची सवय असलेला कुणीतरी विचारतोच, "इथे किल्ले नाहीत का?" आहेत, आणि मुबलक आहेत. पण डोंगर नसलेल्या देशात ते वर पाहून सापडत नाहीत. इथले किल्ले म्हणजे अख्खी शहरं. त्यांतलं कुठलं शहर आधी पाहावं, असं कुणी विचारलं तर मी न अडखळता डेन बॉसचं नाव घेतो.

कागदोपत्री त्याचं नाव 'स्हेर्टोखेनबॉस'. बोलताना आणि रेल्वेच्या घोषणेत 'डेन बॉस' पुरतं. इंग्रजी वळणानं 'बॉश' म्हटलं तरी लोक समजून घेतात.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. एका दिवसात, पायी, काय कोणत्या क्रमानं पाहावं आणि पाहताना काय शोधावं, हे त्यात आहे. सह्याद्रीत किल्ला वाचताना आपण आधी कडा पाहतो आणि मग तटबंदी. डेन बॉसमध्ये आधी पाणी पाहायचं. ते समजलं की तट, बुरूज, चर्च, घरं सगळ्यांची जागा आपोआप कळते.

घरातून निघण्याआधी: तीन नद्या

मोबाइलवर नकाशा उघडा आणि रस्ते सोडून फक्त निळ्या रेघा पाहा. शहराच्या पश्चिमेकडून डॉमेल नदी वाहते, पूर्वेकडून आ नदी येते. दोघी शहराच्या उत्तर टोकाला मिळतात आणि तिथून पुढे त्यांचं नाव डीझे होतं. डीझे काही किलोमीटरवर मास या मोठ्या नदीला मिळते. या संगमावर, सभोवतीच्या दलदलीत, वाळूचा थोडासा उंचवटा होता. ब्राबांट या संस्थानाचा ड्यूक, म्हणजे अधिपती, हेंड्रिक पहिला यानं तिथे वसलेल्या गावाला ११८५ च्या सुमारास शहराचे हक्क दिले. जागा त्यानं विचार करून निवडली होती. त्याच्या मुलखाची ही उत्तर सीमा होती, पलीकडे हॉलंड आणि गेल्डरचे सरदार होते. शिवाय नदीमार्गानं येणाऱ्या मालावर इथून लक्ष ठेवता येई.

आता दक्षिणेकडे पाहा. जुन्या शहराची घरं जिथे संपतात तिथून लगेच हिरवा पट्टा सुरू होतो. त्याचं नाव बॉसे ब्रूक. हे आजचं राखीव पाणथळ कुरण म्हणजे मध्ययुगातल्या दलदलीचा उरलेला तुकडा. तट संपतो आणि कुरण सुरू होतं, मध्ये एकही वसाहत नाही. युरोपातल्या बहुतेक शहरांच्या तटाबाहेर उपनगरं वाढली. इथे एका बाजूला शत्रूला पूर्वी दिसायचं तसं शहर आजही दिसतं. म्हणूनच मी हे शहर आधी सुचवतो.

जायला सोपं आहे. युट्रेख्त ते आइंडहोवन या मुख्य लोहमार्गावर डेन बॉस स्टेशन लागतं. आइंडहोवनहून वीसेक मिनिटं, युट्रेख्तहून अर्धा तास, ॲम्स्टरडॅमहून सुमारे एक तास. तिकिटाच्या रांगेची गरज नाही. बँकेचं कार्ड फाटकाला टेकवून आत जा आणि उतरल्यावर तेच कार्ड टेकवून बाहेर पडा. बाहेर पडताना टेकवायला विसरलात तर जास्तीची रक्कम कापली जाते. एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे कुटुंबासोबत असाल तर प्रत्येकासाठी वेगळं कार्ड लागेल.

पहिला टप्पा: स्टेशन ते पश्चिमेचा तट

स्टेशनातून शहराच्या बाजूला बाहेर पडून सरळ चालत राहिलात की डॉमेलवरचा पूल येतो. बहुतेक पाहुणे पूल ओलांडून थेट बाजारचौकात जातात. तुम्ही तसं करू नका. चौकात गेलात की दुकानं, कॉफी आणि गर्दीत दुपार होते आणि तट राहून जातो.

पुलाजवळच बोलवर्क सिंट-यान हा बुरूज आहे. जुन्या वेशीचे खणून काढलेले अवशेष इथे पाहायला मिळतात. त्यानंतर नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागा. पायाखाली तटाची रेघ आणि शेजारी डॉमेल. खंदक खणायची गरजच पडली नाही, नदीनंच ते काम केलं.

इथे तटाच्या भिंतीजवळ जाऊन विटा नीट पाहा. आपल्याकडे काळा पाषाण, इथे भाजकी वीट, कारण या भागात दगड मिळतच नाही. खालच्या थरांतल्या विटा जुन्या आणि मोठ्या, वरच्या नव्या आणि लहान. अधूनमधून रंग बदलतो, सांधा दिसतो. प्रत्येक सांधा म्हणजे कधीतरी पडलेली आणि पुन्हा बांधलेली भिंत. गेल्या काही दशकांत शहरानं या तटाची मोठी दुरुस्ती केली आणि तो पायी फिरण्याजोगा केला. जुनं काय आणि नवं काय, हे लपवायचा अट्टहास दिसत नाही. मला ती गोष्ट फार आवडते.

हा तट शहराचा दुसरा. पहिला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, बाजारचौकाभोवती लहानसं वर्तुळ करून बांधलेला. शहर भराभर वाढलं, म्हणून चौदाव्या शतकात कितीतरी मोठा दुसरा तट उभा राहिला. लोकर, कापड, सुऱ्या आणि चर्चच्या घंटा यांच्या व्यापारावर डेन बॉस ब्राबांटच्या चार प्रमुख शहरांत जाऊन बसलं. उरलेली तीन म्हणजे ब्रसेल्स, अँटवर्प आणि लूव्हेन. ती तिन्ही आज बेल्जियममध्ये आहेत.

दुसरा टप्पा: दक्षिणेचा तट आणि १६२९ चा वेढा

नैर्ऋत्य कोपऱ्यावर व्हुख्त बुरूज लागतो. तिथून डावीकडे वळून पूर्वेकडे चाला. उजवीकडे कुरण, डावीकडे घरांच्या परसबागा, मध्ये तटावरची वाट. दिवसातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. इथे बाकावर बसा आणि पुढची हकिकत कुरणाकडे तोंड करून वाचा.

१५६८ पासून नेदरलँड्सच्या प्रांतांचं स्पेनच्या राजाशी युद्ध सुरू होतं. ते १६४८ पर्यंत चाललं, म्हणून त्याला ऐंशी वर्षांचं युद्ध म्हणतात. उत्तरेच्या बंडखोर, प्रोटेस्टंट वळणाच्या प्रांतांनी प्रजासत्ताक उभारलं. डेन बॉस मात्र कॅथलिक राहिलं आणि स्पेनच्या बाजूला. प्रजासत्ताकाचा नामांकित सेनापती मॉरिस यानं १६०१ मध्ये आणि पुन्हा १६०३ मध्ये हे शहर घ्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याला माघारी जावं लागलं. तोफा ओढून आणायच्या तर जमीन घट्ट हवी. इथे चिखल. खंदक खणून पुढे सरकायचं तर दोन फावड्यांत पाणी. शत्रू आला की शहर बांध फोडून आणखी पाणी आत घेई. 'दलदलीचा ड्रॅगन' हे टोपणनाव शहराला त्यातूनच मिळालं.

मॉरिसचा धाकटा भाऊ फ्रेडरिक हेंड्रिक यानं १६२९ मध्ये प्रश्नच वेगळा धरला. तटाला हात लावण्याआधी त्यानं शहराचं पाणी काढून घ्यायचं ठरवलं. १ मेच्या सुमारास सुमारे २८,००० सैन्य घेऊन त्यानं शहराला गराडा घातला. मग शहराभोवती सुमारे चाळीस किलोमीटर लांबीचा बांध आणि चर यांचा वेढा उभारला. डॉमेल आणि आ या दोन्ही नद्या अडवून त्यांचं पाणी त्या चरातून बाहेरच्या बाजूनं वळवलं. आता नद्या शहराकडे येत नव्हत्या, त्याला वळसा घालून जात होत्या. बांधाच्या आत जे पाणी राहिलं ते चक्क्या लावून उपसायला सुरुवात झाली. काही चक्क्या वाऱ्यावर, काही घोड्यांच्या बळावर चालत. उत्तरेकडची तळी कोरडी करून शेतजमीन काढणारा जलतज्ज्ञ यान लेखवाटर याचाही या कामात हात होता. समुद्राकडून जमीन मिळवायची जी विद्या डच शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली होती, तीच इथे युद्धाला जुंपली गेली.

एवढा पैसा कुठून आला, हाही भाग सांगायला हवा. आदल्या वर्षी, सप्टेंबर १६२८ मध्ये, डच नौसेनापती पीट हाइन यानं क्यूबाच्या मातान्सास उपसागरात स्पेनचा चांदी वाहून नेणारा ताफा पकडला. ती लूट एक कोटी गिल्डरच्या वर होती. अमेरिकेच्या खाणींतली चांदी ब्राबांटच्या चिखलात खर्च झाली.

शहरात किल्लेदार होता ग्रोबेनडोंक. मॉरिसला यशस्वी तोंड दिलेला हा जुना गडी. त्याच्या मदतीला स्पेनच्या बाजूनं हेंड्रिक व्हान डेन बर्ख फौज घेऊन आला. बांधाचा वेढा फोडता येत नाही असं पाहून त्यानं दुसरी चाल केली. तो थेट प्रजासत्ताकाच्या पोटात घुसला आणि ऑगस्टमध्ये आमर्सफोर्ट शहर घेतलं. फ्रेडरिक हेंड्रिकनं घाबरून वेढा उठवावा, हा हेतू. त्यानं वेढा उठवला नाही. १९ ऑगस्टला डच सैन्याच्या दुसऱ्या तुकडीनं ऱ्हाइन नदीवरचं वेझेल अचानक घेतलं. स्पॅनिश फौजेची रसद तिथूनच येत होती. आत घुसलेल्यांना मागे फिरावं लागलं.

इकडे तुम्ही बसला आहात त्या दक्षिण बाजूला जमीन सुकत गेली आणि डच चर तटाच्या दिशेनं सरकत आले. बाहेरची ठाणी जुलैत पडली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हुख्त वेशीजवळ सुरुंगानं तटाला खिंडार पडलं. १४ सप्टेंबर १६२९ ला शहरानं तह केला. सैनिकांना हत्यारं आणि निशाणांसह मानानं बाहेर पडू दिलं. नागरिकांना मात्र कॅथलिक पूजा उघडपणे करायला बंदी झाली आणि धर्मगुरूंना शहर सोडावं लागलं.

आता कुरणाकडे पुन्हा पाहा. या जमिनीतून पाणी काढता आलं म्हणून शहर पडलं. तट, बुरूज, तोफा या सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. डेन बॉसची खरी तटबंदी कोणती, हे ज्याला कळलं त्यानं ते जिंकलं.

बुरुजांचा आकार पाहायला शिका

पुढे बास्टियन ओरान्ये लागतो, त्यानंतर बास्टियन बासेलार. शहर पडल्यानंतर प्रजासत्ताकानं हे दोन्ही बुरूज बांधले. आपल्याकडचे बुरूज बहुधा गोल असतात. हे मात्र बाणाच्या टोकासारखे कोनदार आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू चिकटला तर शेजारच्या बुरुजावरून त्याच्यावर मारा करता येत नाही, एक आंधळी जागा राहते. कोनदार बुरुजाच्या दोन्ही बाजू शेजारच्या बुरुजावरून सरळ रेषेत दिसतात. टोकावर उभे राहा आणि तटाच्या कडेनं नजर टाका. किती लांबपर्यंत भिंतीचा पायथा मोकळा दिसतो ते पाहिलंत की नकाशाची गरज उरत नाही.

बास्टियन ओरान्येच्या पोटात छोटं माहिती केंद्र आहे. आत जुन्या मध्ययुगीन तटाची भिंत उघडी करून ठेवली आहे, म्हणजे एकाच जागी दोन काळ दिसतात. तिथेच 'बोझ ख्रीट' ही १५११ मध्ये ओतलेली तोफ आहे. नावाचा अर्थ 'रागावलेली ग्रीट'. लांबी सहा मीटरहून जास्त. तोफा पाहायची आवड असणाऱ्यांनी हिच्यासाठी वेळ राखून ठेवावा. केंद्राच्या वेळा हंगामानुसार बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या.

१८७४ मध्ये डच संसदेनं किल्ल्यांविषयी कायदा केला आणि बहुतेक शहरांना तट पाडायला मोकळीक मिळाली. डेन बॉसनंही वेशी पाडल्या, पश्चिमेला नवी वस्ती वसवली. दक्षिणेचा तट मात्र राहिला, तो इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. हिवाळ्यात मास फुगली की पाणी शहरापर्यंत येई आणि तोच तट ते अडवत असे. १९०४ मध्ये मासला समुद्राकडे जाणारी नवी वाट खोदली गेली, त्यानंतर आणखी कालवे झाले आणि पुराचा धोका कमी झाला. तरी १९९५ च्या पुरात शहराजवळचा मोठा महामार्ग पाण्याखाली गेला होता. तोफगोळ्यांसाठी बांधलेली भिंत शेवटी पाण्याला अडवण्यामुळे वाचली.

तिसरा टप्पा: सिंट-यान

बासेलार बुरुजावरून उत्तरेला वळलं की सिंट-यान कॅथेड्रल दिसतंच. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सध्याच्या इमारतीचं काम सुरू झालं आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. ज्या भागात विहिरीला लावायलाही दगड नाही, तिथे हे चर्च, विटांचा जुना मनोरा सोडला तर, दगडी आहे. दक्षिणेकडच्या खाणींतला दगड नद्यांतून नावांनी आणला. शहराकडे किती पैसा होता आणि नद्या त्याच्या किती उपयोगाच्या होत्या, हे त्यावरून समजतं.

आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा आणि वर पाहा. भिंतींना आधार देणाऱ्या तिरप्या कमानींवर ओळीनं माणसं बसलेली दिसतील. घोड्यावर बसावं तशी पाय टाकून, एकामागोमाग एक वर चढत असल्यासारखी. अशी ९६ शिल्पं आहेत. कारागीर आहेत, वाद्य वाजवणारे आहेत, चित्रविचित्र प्राणी आहेत. दुर्बीण असेल तर नक्की न्या, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा. अलीकडच्या जीर्णोद्धारात, २०११ मध्ये, टोन मोय या शिल्पकारानं नवे देवदूत घडवले. त्यातला एक जीन्स घातलेला, खांद्याला बॅग लावलेला आणि कानाला मोबाइल धरलेला आहे. त्या फोनला एकच बटण आहे आणि ते थेट वर लागतं, असं शिल्पकारानं सांगितलं होतं. मध्ययुगातल्या पाथरवटांनी आपल्या काळातली माणसं कोरली, यानं आपल्या काळातली कोरली. मला त्यात परंपरा मोडलेली दिसत नाही, पुढे चाललेली दिसते.

आत 'गोड माउली' म्हणून ओळखली जाणारी मेरीची लाकडी मूर्ती आहे. १६२९ मध्ये शहर पडलं तेव्हा ती ब्रसेल्सला नेऊन ठेवली आणि १८५३ मध्ये परत आली. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ गावाची माउली परगावी होती. या काळात चर्च प्रोटेस्टंट पंथाकडे होतं. १८१० मध्ये नेपोलियन शहरात आला आणि त्यानं ते कॅथलिकांना परत दिलं. आजही मूर्तीपुढे मेणबत्त्यांच्या रांगा असतात. प्रार्थना सुरू असेल तर फोटो काढू नका, मागच्या बाकावर बसून घ्या.

चौथा टप्पा: बाजारचौक आणि चित्रकाराचं गाव

सिंट-यानपासून हिंटामर रस्त्यानं पश्चिमेला चालत गेलं की बाजारचौक येतो. स्थानिक नाव मार्क्ट. इथे द मोरियान ही तेराव्या शतकातली इमारत आहे. नेदरलँड्समधलं सर्वांत जुनं विटांचं घर म्हणून तिची ओळख. तिच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराखाली उभे राहा आणि मग चौकभर नजर फिरवा. पहिला तट या चौकाभोवतीच होता.

चौकात हिरोनिमस बॉसचा पुतळा आहे. त्याचं घराण्याचं नाव व्हान आकेन. चित्रांवर सही करताना त्यानं गावाचं नाव लावलं आणि जगाला तेच माहीत झालं. तो १४५० च्या सुमारास जन्मला, याच चौकात राहिला, इथेच चित्रं काढली आणि १५१६ मध्ये इथेच वारला. १४६३ मध्ये शहराला मोठी आग लागली, तेव्हा तो लहान मुलगा असेल. त्याच्या चित्रांत क्षितिजावर जळणारी गावं पुन्हा पुन्हा दिसतात. त्या आगीशी त्यांचं नातं अनेक अभ्यासक जोडतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. बॉसचं एकही मूळ चित्र कायमस्वरूपी डेन बॉसमध्ये नाही. ती माद्रिद, व्हिएन्ना, लिस्बन अशी विखुरली आहेत. २०१६ मध्ये, त्याच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली तेव्हा, नोर्डब्राबांट्स संग्रहालयानं जगभरातून बरीचशी उसनी आणून प्रदर्शन भरवलं आणि चार लाखांहून जास्त लोक ते पाहून गेले. एरवी हिंटामर रस्त्याजवळच्या जुन्या चर्चमधलं बॉस कला केंद्र पाहावं. तिथे त्याच्या सगळ्या चित्रांच्या मूळ आकारातल्या प्रतिकृती आहेत. लहान मुलं सोबत असतील तर हे केंद्र मूळ चित्रांच्या दालनापेक्षा बरं, असं माझं मत आहे. अगदी जवळ जाऊन बोट दाखवून पाहता येतं.

पाचवा टप्पा: घरांखालून वाहणारी नदी

आता पाण्यात उतरायची वेळ. मध्ययुगात लोकांनी नदीच्या प्रवाहांवर कमानी टाकल्या आणि त्यांवर घरं, रस्ते, अंगणं बांधली. तटाच्या आत जागा कमी होती म्हणून पाण्यावर जागा काढली. या अंतर्गत प्रवाहांच्या जाळ्याचं नाव बिनेनडीझे. पिण्याचं पाणी, कातडी कमावणं, कापड रंगवणं, मालाची ने-आण आणि सांडपाणी, सगळं याच प्रवाहांवर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते इतके घाण झाले होते की बुजवून टाकायचं घाटत होतं आणि काही भाग बुजवलेही. नागरिकांनी विरोध केला, मत फिरलं आणि दुरुस्ती सुरू झाली. ती कित्येक वर्षं चालली.

आज उघड्या नावेतून इथे फेरी मारता येते. मुख्य धक्का चौकापासून जवळ मोलेन रस्त्यावर आहे. नाव चालवणारे आणि माहिती सांगणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, शहरावर जीव असलेले. नाव कमानीत शिरली की उजेड जातो, थंडावा येतो आणि डोक्यावर कुणाच्यातरी घराची जमीन असते. विटांच्या भिंतीत वरून येणारी भोकं दिसतात, ती जुन्या शौचकुपांची. मध्येच प्रवाह उघड्यावर येतो, परसातली झाडं वाकलेली असतात आणि पुढच्या कमानीत पुन्हा अंधार.

फेऱ्या साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चालतात. शनिवार-रविवारी जागा भराभर भरतात, त्यामुळे तिकीट आधी ऑनलाइन काढा. निवेदन बहुधा डचमध्ये असतं. इंग्रजी फेरी आहे का, ते आरक्षणाच्या वेळीच पाहा. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर नावेत चढायच्या पायऱ्यांविषयी आधी विचारून घ्या.

सहावा टप्पा: सिटाडेल, आणि वेंगुर्ल्याशी असलेला धागा

वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तर उत्तर टोकाकडे चालत जा. तिथे, नद्यांच्या संगमाजवळ, पाच कोनांचं सिटाडेल, म्हणजे शहरावर ताबा ठेवणारा बालेकिल्ला, आहे. बांधकाम १६३७ ते १६४२. म्हणजे शहर जिंकल्यावर. बाहेरच्या शत्रूवर तर त्याची नजर होतीच, पण त्याच्या तोफा कॅथलिक नागरिकांवरही रोखलेल्या होत्या. लोकांनी त्याला 'पापेनब्रिल' म्हणजे कॅथलिकांवर नजर ठेवणारा चष्मा असं नाव दिलं. डेन बॉस प्रजासत्ताकात आलं, कर भरू लागलं, पण त्याच्या मुलखाला मध्यवर्ती सभेत जागा मिळाली नाही. आज सिटाडेलमध्ये ब्राबांट प्रांताचं पुराभिलेखागार आहे. जवळच १६२० च्या सुमाराचं सहा बाजूंचं दारूकोठार आहे, तेही बाहेरून पाहून घ्या.

सिटाडेलचं काम सुरू झालं त्याच सुमारास, १६३७ च्या आसपास, डच ईस्ट इंडिया कंपनीनं आदिलशाही मुलखातल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही वेंगुर्ल्यात उभ्या आहेत. हा योगायोग नव्हे, युद्ध एकच होतं. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे होता, त्यामुळे गोवाही डचांच्या लेखी शत्रूचाच. डच जहाजं तेव्हा गोव्याची नाकेबंदी करत होती आणि त्यांना धान्यपाण्यासाठी, बातम्यांसाठी जवळचं बंदर हवं होतं. कोकणातल्या वाचकांनी सिटाडेलच्या तटावर उभं राहून एवढं लक्षात घ्यावं.

कधी जावं, काय खावं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर सर्वांत बरे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसा इमारतींचे दिवस असतात आणि एरवी बंद असणारी दारं विनामूल्य उघडतात. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. बुधवारी आणि शनिवारी मार्क्टवर आठवडी बाजार भरतो, त्यात द मोरियान झाकोळतं पण चौक जिवंत होतो.

फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलच्या दिवसांत तट पाहायला जाऊ नका. त्या दिवसांत शहर 'ऊटेलडोंक' हे नाव घेतं, लोक लाल-पांढरे-पिवळे गळपट्टे घालून रस्त्यावर येतात आणि चालायला जागा उरत नाही. उत्सव पाहायला मात्र जरूर जा. जिकडेतिकडे बेडूक दिसेल. दलदलीच्या गावानं बेडकाला आपलं चिन्ह केलं आहे.

खाण्यात 'बॉसे बोल' चुकवू नका. मुठीपेक्षा मोठा पोकळ गोळा, आत फेटलेली साय, बाहेरून गडद चॉकलेटचं जाड आवरण. दोघांत एक पुरतो. त्याच्या पिठात अंडं असतं. 'वोर्स्टेनब्रोट' मात्र शाकाहारी मंडळींनी जपून. दिसायला साधा लांबट पाव, पण आत मांसाचं सारण असतं आणि बाहेरून ते कळत नाही. तटावर फिरताना पाण्याची बाटली आणि वारा अडवणारं जाकीट जवळ असू द्या. कुरणावरून येणारा वारा उन्हाळ्यातही झोंबतो.

यानंतर कुठे

डेन बॉस पाहून झालं की जवळचं ह्यूस्डेन पाहा. तिथला तारेच्या आकाराचा तट बराचसा पडून गेला होता. १९६८ पासून तो १६४९ च्या नकाशावरून पुन्हा उभारला. ह्यूस्डेन देखणं आहे, तटावर पवनचक्क्या आहेत, आणि किल्ल्याचा आराखडा कसा असायचा ते तिथे अख्खं दिसतं. त्यापुढे वाउडरिखेम आणि तिथून नावेनं लोव्हेस्टाइनचा गढीवजा किल्ला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस तिथे कैदेत होता आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला. हा क्रम उलटा करू नका. ह्यूस्डेन आधी पाहिलंत तर डेन बॉसचा ठिगळं लावलेला तट डोळ्यांना अपुरा वाटेल. डेन बॉस आधी पाहिलंत तर ह्यूस्डेनमध्ये प्रत्येक कोन कशासाठी आहे ते विचारावं लागणार नाही.